गाडी नको, किलोमीटर विका: शहरात विजेवरची वाहतूक रुजवणारी सेवा कशी उभारावी

विजेवरची गाडी घ्यायला का कचरता, असं विचारलं की पहिलं उत्तर बहुधा 'महाग आहे' हेच येतं. थोडं खोदून विचारलं की खरी कारणं बाहेर पडतात. बॅटरी चार वर्षांत बसली तर? भाड्याच्या घरात राहतो, चार्जिंग कुठे करू? रस्त्यात बंद पडली तर नेहमीच्या मेकॅनिकला यातलं काही कळत नाही. आणि उद्या विकायला काढली तर घेणार कोण? यातली एकही शंका वेडगळ नाही. अनुदानाने किंमत उतरते, शंका मात्र जिथल्या तिथे राहतात.

सेवेतलं नावीन्य म्हणजे माझ्या मते एवढंच: यातली एकेक जोखीम चालवणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवायची आणि जो ती पेलू शकतो त्याच्याकडे सोपवायची. एक बॅटरी बसली की एका गाडीचा मालक बसतो. हजार बॅटऱ्या सांभाळणाऱ्याच्या हिशेबात ती नुसती एक नोंद असते. अ‍ॅप, कार्ड, चकचकीत स्टेशन हे सगळं त्यानंतरचं.

पुढचा मजकूर अशी सेवा उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. मग ती भाड्याने गाड्या देणारी कंपनी असो, मालवाहतूकदार असो, चालकांची सहकारी संस्था असो की महापालिकेचा परिवहन विभाग. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. बहुतेक जण गाड्या घेण्यापासून सुरुवात करतात; या क्रमात ते काम बरंच उशिरा येतं.

पायरी १: सर्वात जास्त पळणारा माणूस शोधा

विजेवरची गाडी घ्यायला महाग, पण चालवायला स्वस्त असते. म्हणजे किमतीतला फरक किलोमीटरांतून भरून निघतो. समजा, तुमच्या भागातले दर धरून तो ५०,००० किलोमीटरनंतर भरून निघतो. रोज १०० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस चालणारी गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर करते. तिचा फरक २० महिन्यांत निघतो. रोज २० किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीला त्याच फरकासाठी आठ वर्षांहून जास्त लागतात. गाडी तीच, वीज तीच, तरी एकासाठी हा धंदा आहे आणि दुसऱ्यासाठी हौस.

म्हणून सुरुवात टॅक्सी, तीनचाकी, घरपोच माल पोचवणाऱ्या दुचाक्या, छोटे टेम्पो आणि शहर बस यांच्यापासून करा. रवांडातल्या किगालीत अँपरसँड या कंपनीने मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांपासून सुरुवात केली ती उगाच नाही. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या त्या चालकाला इंधनाचा खर्च रोज खिशातून जाताना दिसतो, त्यामुळे बचतही रोज दिसते. शाळेच्या बस मात्र सकृद्दर्शनी सोप्या वाटतात (ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, दिवसभर उभ्या) आणि हिशेबात बहुधा फसतात, कारण पळतातच कमी. तिथे वेगळा आधार लागतो, उदाहरणार्थ मुलांच्या श्वासात धूर जाऊ नये म्हणून प्रशासनाने उचललेला वाटा.

खासगी मोटारींचा ग्राहक पूर्ण सोडून द्या असं मी म्हणत नाही. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळपास ९ बॅटरीवरच्या होत्या. पण त्यामागे १९९० पासूनची करसवलत होती, टोलमाफी होती, आणि सदनिकेत राहणाऱ्याला चार्जिंगची सोय मागण्याचा कायदेशीर हक्कही होता. एवढं पाठबळ तुमच्यामागे नसेल तर पळणाऱ्या माणसामागे जा.

पायरी २: त्याचा दिवस कागदावर उतरवा

कचेरीत बसून हे होत नाही. निवडलेल्या गटातल्या काही जणांसोबत पूर्ण दिवस फिरा आणि पुढच्या गोष्टी लिहा: गाडी कुठून किती वाजता निघाली, कुठे किती वेळ उभी राहिली, तिथे सावली आणि वीज होती का, ओझं किती, चढ कुठे, जेवण कुठे, रात्री गाडी कोणाच्या जागेत उभी राहते, आणि दिवसाअखेर हातात काय उरलं. शेवटचा रकाना चालकाच्या तोंडूनच भरा. मालक सांगतो तो आकडा आणि चालक सांगतो तो आकडा यांत तफावत असते आणि कधीकधी सगळी गोम तिथेच असते.

सरासरी दिवसावर विसंबू नका. माल पोचवणारी तीनचाकी सरासरी ७५ किलोमीटर चालत असेल, पण सणासुदीच्या आधीच्या आठवड्यात तीच ११० चालते. वर्षातल्या त्या थोड्या दिवसांतच चालकाची कमाई होते. नेमकी तेव्हा गाडी आडवी पडली तर उरलेल्या वर्षभराच्या बचतीचं कौतुक त्याला राहत नाही, आणि ही गोष्ट तो नाक्यावर सगळ्यांना सांगतो. म्हणून नोंद सर्वात वाईट दिवसाची हवी.

उभं राहण्याच्या वेळा खास तपासा. गोदामाबाहेर माल भरेपर्यंत गाडी पाऊण तास उभी असते, दुपारी जेवायला तासभर. इंधनाच्या गाडीच्या हिशेबात हा वेळ फुकट जातो. विजेच्या गाडीला त्या वेळात पोट भरता येतं. पुढच्या पायरीत याचा किती फरक पडतो ते पाहू.

पायरी ३: बॅटरीचा आकार हिशेबाने ठरवा

ढोबळ आकडे असे धरा. शहरात स्कूटरला किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० वॅट-तास लागतात, प्रवासी किंवा हलक्या मालाच्या तीनचाकीला ६० ते ८०, छोट्या मोटारीला १२० ते १५०, आणि १२ मीटर लांबीच्या वातानुकूलित बसला १ ते १.५ युनिट. युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. उत्पादकाने छापलेली रेंज बाजूला ठेवा. ती चाचणीच्या रस्त्यावरची असते. तुमच्या रस्त्यावर चढ, ओझं, गर्दी आणि एसी असतो.

आता ती ११० किलोमीटरवाली तीनचाकी घ्या. किलोमीटरमागे ७० वॅट-तास धरले तर ७.७ युनिट झाले. चालकाने २० टक्क्यांखाली बॅटरी उतरवू नये, म्हणून ०.८ ने भागा: ९.६. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येईल आणि तेव्हाही गाडी चालली पाहिजे, म्हणून पुन्हा ०.८ ने भागा. १२ युनिटची बॅटरी हवी.

हीच गाडी दुपारी जेवणाच्या जागी तासभर ३ किलोवॅटच्या प्लगला लागली, तर चार्जिंगमधली गळती वजा जाता २.७ युनिट, म्हणजे जवळजवळ ३८ किलोमीटर मिळतात. मग बॅटरीवर भार उरतो ७२ किलोमीटरचा. त्याच रीतीने हिशेब केला तर सुमारे ८ युनिटची बॅटरी पुरते. एका साध्या प्लगने बॅटरीचा एक तृतीयांश भाग वाचवला, आणि गाडीचा सर्वात महाग भाग बॅटरीच आहे. सेवेने वस्तूची जागा घेणं म्हणतात ते हे. अट एकच: तो प्लग दुपारी एक वाजता खरोखर मोकळा आणि चालू असला पाहिजे. याची हमी देता येत नसेल तर गपचूप १२ युनिटचीच बॅटरी घ्या.

पायरी ४: कोणती जोखीम कोणाकडे, हे करारात लिहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. गाडी, बॅटरी, चार्जिंग आणि देखभाल हे चार वेगळे धंदे आहेत. इंधनाच्या गाडीत ते एका मालकाच्या गळ्यात असतात, आणि ती सवय विजेच्या गाडीलाही तशीच लावली जाते. ती मोडली की काय होतं याची काही उदाहरणं पाहा.

चीनमधल्या शेनझेनने २०१७च्या अखेरीपर्यंत आपल्या १६,००० हून अधिक शहर बस विजेवर आणल्या. सरकारी पैसा होताच, पण रचनाही हुशारीची होती. वित्तसंस्थेने बस विकत घ्यायच्या, बस कंपनीने त्या भाड्याने चालवायच्या, बॅटरी-मोटर अशा मुख्य भागांची हमी उत्पादकाने बसच्या ८ वर्षांच्या आयुष्यभर द्यायची आणि चार्जिंग वेगळ्या कंपनीने सांभाळायचं. बस कंपनीकडे राहिलं तिचं मूळ काम, म्हणजे वेळेवर बस सोडणं.

चिलीची राजधानी सांतियागो इथे २०१८च्या डिसेंबरात पहिल्या १०० बसचा ताफा रस्त्यावर आला. तिथे पैसा घातला एनेल या वीज कंपनीने, चालवल्या मेटबस या ऑपरेटरने. वीज कंपनीला पुढची कित्येक वर्षं वीज विकायची होती, म्हणून बसमध्ये पैसा अडकवणं तिला परवडलं. पुढच्या काही वर्षांत त्या शहरातल्या विजेवरच्या बस दोन हजारांच्या पुढे गेल्या. यातून शिकायचं ते असं: ज्याला गाडी चालत राहण्यात सर्वात जास्त फायदा आहे तो कोण, हे आधी शोधा. भांडवल त्याच्याकडे मागा.

नैरोबीत बासीगो ही कंपनी खासगी बसमालकांना बॅटरीची किंमत वगळून बस देते आणि नंतर किलोमीटरमागे आकार घेते. बॅटरीचं भाडं, चार्जिंग, देखभाल सगळं त्यात. बस जेवढी पळेल तेवढे पैसे. बसमालकाला डिझेलच्या बसइतकीच रक्कम सुरुवातीला उभी करावी लागावी, हा त्यामागचा विचार.

तुमचा करार लिहिताना ही कलमं सुटू देऊ नका. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की ती बदलून मिळेल, आणि ती मोजणार कोण? फक्त पुरवठादाराच्या संगणकावरचा आकडा अंतिम धरला तर वादात तुम्ही हरणारच. तिसऱ्याकडून चाचणी करून घेण्याची मुभा ठेवा. किलोमीटरमागचा दर ठेवला तर महिन्याची किमान रक्कम किती, आणि गाडी कंपनीच्या चुकीने उभी राहिली तर ती माफ होते का? अपघातात बॅटरीला मार लागला तर विमा कोणाचा? ग्राहकाने मधेच करार सोडला तर त्याने भरलेल्या रकमेचं काय?

आणखी एक नाजूक गोष्ट. हप्ता थकला की दुरून गाडी बंद करण्याची सोय आज सर्रास असते. वापरायचीच असेल तर नियम स्पष्ट लिहा: गाडी चालू असताना कधीच नाही, रात्री आडरस्त्याला कधीच नाही, आधी सूचना दिल्याशिवाय नाही, आणि बंद म्हणजे पुढच्या वेळी सुरू होणार नाही एवढंच. हा नियम नसलेल्या सेवेत मी तरी कोणाला गाडी घ्यायला सांगणार नाही.

पायरी ५: चार्जिंगची रीत निवडा

तीन रीती आहेत: रात्रीचं संथ चार्जिंग, दिवसा मिळेल तेव्हा जलद चार्जिंग, आणि रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेणं. तिन्ही एकदम करायचा मोह आवरा.

ज्यांना रात्री गाडी उभी करायला ठरलेली जागा आहे त्यांच्यासाठी संथ चार्जिंगच सर्वात स्वस्त, आणि बॅटरीलाही तेच मानवतं. जलद चार्जरचा उपयोग वेळेला आधार म्हणून. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की वेग बराच उतरतो, म्हणून गर्दीच्या वेळी ८० टक्क्यांना गाडी काढायचा नियम करा आणि पुढे अडवून ठेवणाऱ्याला मिनिटांवर आकार लावा. सुरुवातीला लोक कुरकुरतात. रांग कमी झालेली दिसली की गप्प बसतात.

बॅटरी बदलून घेण्याची सोय दुचाकी-तीनचाकीला चांगली जमते, कारण बॅटरी हाताने उचलता येते. तैवानात गोगोरो या कंपनीने २०१५ पासून हे करून दाखवलं. तिथे स्कूटरवाला बॅटरीचा मालक नसतो, तो वर्गणी भरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यामाहासारख्या दुसऱ्या कंपन्यांनीही त्याच बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर काढल्या. याच्या उलट बेटर प्लेस. २००७ साली सुरू झालेल्या या कंपनीने मोटारींच्या बॅटऱ्या यंत्राने बदलणारी स्टेशनं उभारली, ८० कोटी डॉलरच्या वर भांडवल गोळा केलं आणि मे २०१३ मध्ये दिवाळं काढलं. तिच्या स्टेशनांत बसणारी मोटार प्रत्यक्षात एकच होती, रेनोची फ्लुएन्स. महागडी स्टेशनं आधी, गाड्या नंतर, आणि त्याही एकाच जातीच्या, असा तो प्रकार होता.

बदलीच्या धंद्यातला लपलेला खर्च जादा बॅटऱ्यांचा. समजा, १०० गाड्या आहेत, गर्दीच्या काळात तासाला ३० बदल्या होतात आणि एक बॅटरी भरायला २ तास लागतात. गर्दी लांबली तर कोणत्याही क्षणी ६० बॅटऱ्या कपाटात चार्ज होत असतील. म्हणजे १०० गाड्यांना १६० बॅटऱ्या. ही ६० बॅटऱ्यांची रक्कम वर्गणीतून वसूल व्हायला हवी. गर्दी दोन तासांऐवजी दिवसभर पसरली की हा आकडा झपाट्याने उतरतो, म्हणून दुपारी किंवा पहाटे बॅटरी बदलणाऱ्याला थोडी सूट द्या. ही सूट नव्या बॅटऱ्या घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

रस्त्यावरचे सार्वजनिक चार्जर कुठे लावायचे, यावर नकाशे घेऊन महिनोन्‌महिने चर्चा चालतात. ॲमस्टरडॅमने सुरुवातीला सरळ मार्ग धरला: विजेची गाडी असलेल्या आणि स्वतःची जागा नसलेल्या रहिवाशाने अर्ज करायचा, शहराने त्याच्या घराजवळ सार्वजनिक चार्जर बसवायचा. तो वापरायला सगळ्यांना खुला. मागणी असेल तिथेच खर्च झाला आणि पहिल्या दिवसापासून एक तरी गिऱ्हाईक पक्कं होतं.

चार्जर कंपनी '९९ टक्के चालू' असं सांगते तेव्हा ती बहुधा यंत्र नेटवर्कला जोडलेलं आहे एवढंच सांगत असते. तुम्ही वेगळी गोष्ट मोजा: आलेल्या दर १०० जणांपैकी किती जणांचं चार्जिंग पहिल्या खेपेला सुरू झालं? केबल तुटलेली, पैसे कापले पण वीज आली नाही, पुढे दुसरीच गाडी लावलेली, हे सगळं त्या आकड्यात दिसतं.

पायरी ६: गाड्यांच्या आधी विजेचा अर्ज करा

गाड्या आल्या, चार्जर आले आणि वीजजोडणीच नाही म्हणून सगळं आवारात धूळ खात पडलंय, हे चित्र नवं नाही. डेपोचा मंजूर भार वाढवायचा तर कधी नवी केबल, कधी नवं रोहित्र लागतं आणि त्याला महिने जातात. म्हणून अर्ज सर्वात आधी. पण किती भाराचा?

आपल्या २० तीनचाक्या रोज ९० किलोमीटर चालतात असं धरा. प्रत्येकीला ६.३ युनिट, गळतीसह ७. सगळ्यांना मिळून १४०. संध्याकाळी आठला सगळे चालक परत येतात आणि येता येता प्लग लावतात. २० गाड्या गुणिले ३ किलोवॅट, म्हणजे ६० किलोवॅटचा दणका, आणि साडेदहापर्यंत सगळं शांत. तेच १४० युनिट रात्रीच्या १० तासांत पसरले तर सरासरी १४ किलोवॅट पडतात. जरा सैल धरून २० किलोवॅटच्या जोडणीत काम भागतं. पाळी लावून देणारी यंत्रणा त्यासाठी पुरते. अगदी सुरुवातीला तर साधं टायमर आणि एक जागरूक रखवालदारही चालतो. वीजबिलातला मागणी आकार (एका वेळी किती भार उचलता त्यावर लागणारी रक्कम) कमाल भारावर लागत असेल आणि रात्री वीज स्वस्त असेल तर फायदा दुहेरी.

पहाटे लवकर निघणाऱ्या गाड्यांना पहिली पाळी द्या. हे सांगायची गरज नसावी, पण यंत्रणा बसवणाऱ्याला चालकांचं वेळापत्रक कोणी देतच नाही.

पायरी ७: दर त्याच्या भाषेत सांगा

'पाच वर्षांत एकूण मालकी खर्च २० टक्क्यांनी कमी' हे वाक्य बँकेच्या माणसासाठी आहे. रोज कमावणाऱ्याला रोजचा आकडा सांगा: आज इंधनाला, हप्त्याला आणि दुरुस्तीला मिळून दिवसाला इतके जातात, आमच्याकडे सगळं धरून इतके जातील. वसुलीही त्याच्या कमाईच्या चालीने ठेवा. रोजची कमाई असेल तर रोजची किंवा आठवड्याची. महिन्याचा एकरकमी हप्ता थकण्याची शक्यता वाढते, तीही पैसे नसतात म्हणून नव्हे, मधल्या दिवसांत खर्च होतात म्हणून.

ठरलेली रक्कम की किलोमीटरमागे? निव्वळ किलोमीटरवर ठेवलं तर गाडी उभी राहिली की तुम्ही बुडता. निव्वळ ठरलेली रक्कम ठेवली तर आजारी पडलेला चालक बुडतो. थोडी ठरलेली, बाकी किलोमीटरवर, आणि महिन्यातून काही दिवस सुट्टीचे माफ, अशी मिसळ टिकते. बचतीचा मोठा वाटा चालकाच्या पदरात पडतोय ना, हे पाहा. त्याच्या हाती काहीच उरत नसेल तर तो तुमची गाडी सोडून जुन्या गाडीवर परत जाईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

पायरी ८: बंद पडली तर काय, याचं वचन

गाडी बंद म्हणजे खाडा. चालकाला बिघाडाच्या कारणात रस नसतो, आजचा दिवस वाचतोय का एवढंच त्याला हवं असतं. म्हणून वचन दुरुस्तीचं देण्यापेक्षा दिवस वाचवण्याचं द्या. ठरलेल्या वेळेत मेकॅनिक पोचेल. त्याच्याकडून तासाभरात जमलं नाही तर बदली गाडी मिळेल. तीही नाही मिळाली तर त्या दिवसाचं भाडं माफ. यासाठी ताफ्यात काही गाड्या राखीव लागतात. सुरुवातीला दर १० गाड्यांमागे एक ठेवा, नोंदी साठल्या की कमी करा. हा खर्च पहिल्या दिवसापासून दरात धरा, नाहीतर तंगी आली की पहिली कुऱ्हाड राखीव गाड्यांवरच पडते.

मेकॅनिक शक्यतो परिसरातल्या गॅरेजांतूनच घ्या. विजेच्या गाडीतही बरेचसे बिघाड टायर, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग, कनेक्टर यांचेच असतात आणि ती कामं त्यांना येतात. उच्च दाबाच्या वायरी (बहुधा नारिंगी असतात) आणि बॅटरीचं खोकं यांना मात्र प्रशिक्षणाशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे दारावर लिहून ठेवा.

चालकांचं प्रशिक्षण अर्ध्या दिवसात होतं आणि ते वर्गात नको, गाडीतच हवं. वेग आधीपासून सोडत गाडी थांबवली की मोटरमधून वीज परत बॅटरीत जाते. हे जमलेला आणि न जमलेला चालक यांच्या वापरात चांगलाच फरक पडतो. जमलेल्याच्या गाडीत इतरांना बसवा.

पायरी ९: छोटी सुरुवात, आणि थांबायचं कधी हेही आधीच ठरवा

एक भाग, एक प्रकारची गाडी, १० ते २० चालक, आणि किमान एक गर्दीचा हंगाम. हे सगळ्यांत उत्साही १० जण नकोत. निम्मे तरी साशंक घ्या. मोजायच्या गोष्टी थोड्याच: गाडीमागे रोजचे किलोमीटर, खाड्यांचे दिवस, पहिल्या खेपेला यशस्वी झालेलं चार्जिंग, चालकाच्या हातात उरलेली रक्कम, आणि कितींनी गाडी परत केली. परत करणाऱ्याशी तासभर बोला. राहिलेल्यांपेक्षा तो जास्त शिकवतो.

पॅरिसमधली ऑटोलिब ही विजेच्या मोटारी तासाच्या हिशेबाने भाड्याने देणारी सेवा डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१८ मध्ये बंद पडली. मोटारी जवळजवळ ४,००० होत्या, नोंदलेले ग्राहकही लाखाच्या वर. पण ॲपवरच्या टॅक्सी आल्या, गाड्यांचा वापर घटला, अस्वच्छ गाड्यांच्या तक्रारी वाढल्या आणि करार संपेपर्यंतची अंदाजित तूट सुमारे ३० कोटी युरोंवर गेली. ती भरायची कोणी, यावरून कंपनी आणि शहर यांचं फाटलं. गाड्या आणि ग्राहक वाढत असताना गाडीमागचा वापर खाली चाललाय का, हे दर आठवड्याला पाहायचा धडा त्यातून घ्या. आणि तूट किती झाली की सेवा थांबवायची, ती कोण भरणार, हे पैसे असतानाच लिहून ठेवा.

पायरी १०: प्रशासनाकडे काय मागावं

अनुदानाच्या आधी तीन गोष्टी मागा. पहिली, रात्री गाड्या उभ्या करायला जागा. शहरात ती पैशाने मिळेलच असं नाही, आणि प्रशासनाकडे वापरात नसलेले तुकडे असतात. दुसरी, विजेच्या गाडीला वेळेचा किंवा वाटेचा फायदा: गजबजलेल्या भागात माल उतरवायची परवानगी, टॅक्सीला स्थानकाबाहेर वेगळी रांग. नेदरलँड्समधल्या अनेक शहरांनी १ जानेवारी २०२५ पासून शहराच्या मध्यभागी मालवाहतुकीसाठी शून्य-उत्सर्जन क्षेत्रं सुरू केली. जुन्या गाड्यांना मुदत दिली, पण दिशा पक्की केली. माल वाहणाऱ्याला गाडी बदलायला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

तिसरी गोष्ट बसच्या करारांची. किलोमीटरमागे ठरलेला दर देऊन प्रशासन सेवा विकत घेतं, तिकिटाची जोखीम स्वतःकडे ठेवतं, ही पद्धत चांगली आहे. मात्र बिलं थकली की तीच पद्धत ऑपरेटरला बुडवते, आणि पुढच्या निविदेत सगळे जण थकबाकीची भीती दरात मिसळून बोली लावतात. म्हणून काही महिन्यांच्या बिलाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवण्याचं कलम मागा. दरात घासाघीस करण्याआधी हे मागा.

पायरी ११: शेवटच्या खरेदीदाराची सोय

सेकंडहँड बाजार नाही म्हणून नवी गाडी विकली जात नाही, आणि नव्या गाड्या विकल्या जात नाहीत म्हणून सेकंडहँड बाजार नाही. हा पेच सेवा देणाऱ्यानेच सोडवायचा असतो. ठरलेल्या वर्षांनंतर ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याची लेखी हमी द्या. ती देणं तुम्हाला परवडतं, कारण गाडीतून उतरलेली ७०-८० टक्के क्षमतेची बॅटरी डेपोतच कामाला येते: रात्री स्वस्त वीज साठवायची, गर्दीच्या वेळी चार्जरला द्यायची.

त्यासाठी प्रत्येक बॅटरीची कुंडली लागते. तिचा क्रमांक, किती वेळा भरली, किती तापली, कोणत्या गाडीत होती, दुरुस्ती काय झाली, दर सहा महिन्यांनी मोजलेली क्षमता. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या बॅटरीला असा डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे. तुम्ही कायद्याची वाट पाहू नका. पहिली बॅटरी डेपोत उतरेल त्याच दिवशी तिच्या नावाची नोंद उघडा, आणि पुरवठादाराच्या करारात ही सगळी माहिती तुमच्या मालकीची राहील असं कलम घाला. पुरवठादार बदलायची वेळ आली की बॅटऱ्यांची किंमत याच नोंदीवर ठरेल.